विश्लेषण : अमेरिकेच्या जंगलाला आग हवी, मग परळीच्या डोंगराला का नको? वणवा आणि खोडकिड्याचे गणित काय?

फेब्रुवारीच्या अखेरीस उन्हाचा चटका वाढू लागला की परळी, धारूर, अंबाजोगाई भागात बालाघाटच्या उतारांवर रात्री आगीच्या पिवळ्या रेषा सरकताना दिसतात. सकाळी डोंगर काळा पडलेला असतो. अशा वणव्याचे व्हिडीओ समाजमाध्यमांवर आले की त्याखाली एक प्रतिक्रिया अनेकदा वाचायला मिळते : ‘आग जंगलाला हवीच असते, अमेरिकेत तर वन खाते स्वतःच लावते.’ अमेरिकेत वन खाते ठरवून आग लावते, हे खरे आहे. तेथील पाइनच्या जंगलात आगीअभावी झाडी दाट झाली, भुंगेऱ्यांनी ती फस्त केली आणि मग मोठ्या आगी लागल्या, हेही बऱ्याच अंशी खरे आहे. पण तोच नियम परळीच्या डोंगराला लावता येतो का? त्यासाठी आधी पाइनच्या जंगलात काय घडले, ते पाहावे लागेल.

पाइनच्या जंगलात नेमके काय घडले?

अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम भागात पाइनची हजारो चौरस किलोमीटर जंगले आहेत. तेथे तांदळाच्या दाण्याएवढा, जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचा ‘माउंटन पाइन बीटल’ नावाचा भुंगेरा पूर्वीपासूनच आहे. म्हातारी, वीज पडलेली, कमकुवत झाडे पोखरायची, ती पाडायची आणि नव्या रोपांना जागा करून द्यायची, हे त्याचे नेहमीचे काम. १९९०च्या दशकात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात त्याची संख्या बेसुमार वाढली. पुढच्या दोन दशकांत १८० लाख हेक्टरहून अधिक जंगलाला त्याची झळ बसली. महाराष्ट्राचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ३०७ लाख हेक्टर आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक महाराष्ट्र व्यापेल एवढे हे क्षेत्र. प्रांतातील विक्रीयोग्य पाइन लाकडापैकी निम्म्याहून जास्त लाकूड उभ्या जागी मेले.

याची कारणे दोन सांगितली जातात. पहिले हवामानाचे. या भुंगेऱ्याच्या अळ्या हिवाळा सालीखाली काढतात आणि पारा उणे ३५ ते ४० अंशांपर्यंत उतरून काही दिवस तेथेच राहिला, तरच त्या मोठ्या प्रमाणावर मरतात. तशी थंडी पडणे कमी झाले. दुसरे कारण माणसाने तयार केले. १९१० मध्ये अमेरिकेच्या आयडाहो-मोंटाना भागात सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि ८०हून अधिक माणसे दगावली. त्या धक्क्यातून प्रत्येक आग विझवण्याचे धोरण आले. १९३५ मध्ये तर आगीची वर्दी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आणायची, असा नियमच झाला. आग थांबली, झाडे मात्र वाढतच राहिली. एका वयाची, एका जातीची, खेटून उभी राहिलेली झाडे भुंगेऱ्याला ताटात वाढून मिळाली.

एवढासा भुंगेरा एवढे मोठे झाड मारतो कसा?

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला भुंगेरा नवीन नाही. पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. पाइनचा भुंगेरा मात्र पाने खात नाही. मादी सालीला भोक पाडून आत शिरते आणि साल व लाकूड यांच्यामधल्या ओल्या थरात उभे भुयार कोरून अंडी घालते. पानांत तयार झालेले अन्न याच थरातून मुळांकडे जाते. अळ्या तो थर आडवा खात सुटतात. चहूबाजूंनी थर तुटला की झाडाची अन्नवाहिनीच कापली जाते. भुंगेऱ्याच्या अंगावरून एक बुरशीही आत येते. ती लाकडाला निळसर रंग देते आणि पाणी वर चढण्याची वाट बुजवते. वरून अन्न बंद आणि खालून पाणी बंद, अशा दुहेरी कोंडीत झाड वर्षभरात लाल पडते.

झाड गप्प बसून मरत नाही. भोक पडताच ते राळ सोडते आणि भुंगेऱ्याला त्या चिकट लोंढ्यात बुडवून बाहेर ढकलते. धावड्याला किंवा बाभळीला घाव बसला की डिंक पाझरतो, तसाच हा प्रकार. धडधाकट झाड एखाददुसरा भुंगेरा सहज परतवते. पण पहिला भुंगेरा आत टिकला, तर तो एक गंध सोडतो आणि आसपासच्या शेकडो जातभाईंना बोलावतो. कपाशीत बोंडअळीसाठी लावला जाणारा कामगंध सापळा ज्या तत्त्वावर चालतो, तेच तत्त्व येथे उलट्या बाजूने, झाडाविरुद्ध वापरले जाते. शेकडो भोके एकदम पडली की राळ पुरत नाही.

राळ किती आणि किती जोराने सुटेल, हे झाडाला मिळणाऱ्या पाण्यावर ठरते. दुष्काळात ती आटते. दाट जंगलात पाण्याची वाटणी जास्त झाडांत होते, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. युरोपातही २०१८ पासूनच्या कोरड्या वर्षांत स्प्रूस झाडांवर याच कुळातला भुंगेरा तुटून पडला आणि जर्मनीतील हार्झ पर्वताचे उतारच्या उतार करडे झाले. किडीची साथ येते तेव्हा दोष किडीला दिला जातो. प्रत्यक्षात झाडे त्याआधीच तहानलेली असतात.

यात आगीचे काम कोणते?

पाइनच्या सगळ्या जातींचे आगीशी नाते सारखे नाही. पाँडेरोसा पाइनची साल जाड असते आणि खालच्या फांद्या गळून पडतात. तेथे पूर्वी पाच ते पंचवीस वर्षांनी जमिनीलगत सरपटत जाणारी हलकी आग लागायची. गवत, सुया, लहान रोपे जळायची आणि मोठी झाडे शाबूत राहायची. काही आगी विजेने लागत, काही तेथील आदिवासी समाज स्वतः लावत. अशा हलक्या आगीतून गेलेल्या झाडांमध्ये राळ वाहणाऱ्या नलिका वाढतात आणि नंतर भुंगेरा आला तर ती अधिक तग धरतात, असे संशोधनात दिसले आहे.

लॉजपोल पाइनची गोष्ट निराळी. त्याची बरीचशी फळे राळेने घट्ट मिटलेली असतात आणि आगीच्या धगीने राळ वितळल्यावरच बी बाहेर पडते. शंभर ते तीनशे वर्षांतून एकदा लागणाऱ्या मोठ्या आगीत हे जंगल जवळपास पूर्ण जळते आणि त्याच राखेतून नव्याने उगवते. १९८८ मध्ये अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या वेढ्यात आला तेव्हा ‘उद्यान संपले’ अशी ओरड झाली होती. काही वर्षांतच तेथे पाइनची रोपे दाटीने उभी राहिली.

म्हणजे ‘पाइनला आग हवी’ हे विधानही अर्धवटच आहे. कोणत्या पाइनला, किती वर्षांनी आणि किती तीव्र, ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय त्याला अर्थ नाही. परळीच्या संदर्भात हेच तीन प्रश्न पुढे लागणार आहेत.

किडीने मेलेले जंगल जास्त पेटते का?

वाटते तेवढे सरळ उत्तर नाही. झाड मेल्यानंतर पहिली एक-दोन वर्षे वाळलेल्या लाल सुया फांद्यांवर असतात आणि त्या पटकन पेट घेतात. सुया गळाल्या की शेंड्यावरचे इंधन उरत नाही, त्यामुळे शेंड्याशेंड्यांतून पळणाऱ्या आगीचा धोका उलट कमी होतो. पुढे खोडे कोसळून जमिनीवर रचली जातात, तेव्हा आग हळू पण जास्त वेळ आणि जास्त तापमानाने जळते. पश्चिम अमेरिकेतील अभ्यासांत किडग्रस्त जंगल इतरांपेक्षा सरसकट जास्त जळाल्याचे दिसले नाही. वारा, उष्णता आणि दुष्काळ यांचा वाटा मोठा निघाला. जुलै २०२४ मध्ये कॅनडातील जॅस्पर शहरात आग शिरून सुमारे एक तृतीयांश इमारती नष्ट झाल्या, तेव्हाही भोवतालच्या किडलेल्या पाइनकडे बोट दाखवले गेले. त्या दिवसांतला जोराचा वारा आणि कोरडेपणाही तितकाच महत्त्वाचा होता.

भारतात असे कुठे घडते?

पाइनची जंगले हिमालयात आहेत. उत्तराखंडातील चीड पाइनच्या वाळलेल्या सुयांना तेथे ‘पिरूल’ म्हणतात. मार्च ते मे या काळात पिरूलचा थर जमिनीवर साचतो आणि ठिणगी पडली की डोंगर पेटतो. २०१६ मध्ये तेथे चार हजार हेक्टरहून अधिक जंगल जळाले आणि आग विझवायला हवाई दलाची हेलिकॉप्टर आणावी लागली. चीडची साल जाड असल्याने मोठी झाडे बहुतेक वाचतात. मात्र होरपळलेल्या आणि राळेसाठी खोल खाचा पाडलेल्या झाडांवर खोडकिडे पुढे हल्ला करतात.

भुंगेऱ्याची मोठी साथ महाराष्ट्राच्या शेजारीच येऊन गेली आहे. १९९०च्या दशकात मध्य प्रदेशातील मंडला, दिंडोरी भागात सालवृक्षांवर (झाडाची साल नव्हे, साल नावाचे झाड) लांब मिशांचा खोड पोखरणारा भुंगेरा पसरला. झाडे लाखोंच्या संख्येने बाधित झाली. तेव्हा वापरलेला उपाय सोपा आणि हुशारीचा होता. सालाचे ओंडके ठेचून ठेवायचे, त्यांच्या रसाच्या वासाने भुंगेरे गोळा होतात, गावकऱ्यांनी ते वेचायचे आणि भुंगेऱ्यांच्या संख्येवर मजुरी घ्यायची.

पाइनच्या भुंगेऱ्याचा एक नातेवाईक महाराष्ट्रातल्या डाळिंबाच्या बागेत आहे. ‘पिन होल बोरर’ किंवा ‘शॉट होल बोरर’ म्हणून शेतकरी ज्याला ओळखतात, तो दोन मिलिमीटरचा भुंगेरा त्याच उपकुळातला आहे. सांगोला, आटपाडी पट्ट्यात २०२१-२२ च्या सुमारास त्याने बागाच्या बागा वाळवल्या आणि अनेकांनी कुऱ्हाड लावली. त्याची तऱ्हा पाइनच्या भुंगेऱ्यापेक्षाही अजब आहे. तो लाकूड खातच नाही. खोडात टाचणीएवढी भोके पाडून आत बुरशी ‘पेरतो’ आणि त्याच्या अळ्या ती बुरशी खातात. एका अर्थाने हा शेतकरीच, शेत मात्र दुसऱ्याच्या झाडात. झाडाच्या बुडाशी भुश्याचा बारीक चुरा दिसला तर तो आला असे समजावे. मर रोगाची बुरशी आणि हा भुंगेरा अनेकदा एकाच झाडात सापडतात.

आणि येथेही आग आहेच. पूर्ण वाळलेले किडके झाड उपटून बागेबाहेर नेऊन जाळावे, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये कपाशी खाल्ली, त्यानंतर हंगाम संपताच पऱ्हाट्या नष्ट करण्याचा आग्रह याच कारणासाठी होता. ठरावीक जागी, ठरावीक वस्तू जाळणे हा कीड रोखण्याचा जुना उपाय आहे. डोंगर पेटवून देणे हे त्यात बसत नाही.

मग परळीच्या डोंगरात वेगळे काय?

बहुतेक सगळेच वेगळे आहे. परळी परिसरात पाइन नाही आणि राळेने मिटलेली फळेही नाहीत. बालाघाटावर शुष्क पानझडी आणि काटेरी झाडोरा आहे : बाभूळ, बोर, पळस, धावडा, हिवर, आणि उतारांवर सीताफळ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मध्येमध्ये मोठी गवताळ रानेही आहेत. पाऊस साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर आणि तोही बेभरवशाचा. पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये बंद ठेवावे लागले होते, २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षांत डोंगरावरच्या झाडांना रेल्वे नव्हती.

सर्वात मोठा फरक आगीच्या फेऱ्याचा आहे. पाँडेरोसाच्या जंगलात पाच-पंचवीस वर्षांनी आग येई आणि ती थांबवल्याने बिघाड झाला. बालाघाटातील काही उतार दरवर्षी किंवा एकाआड एक वर्षी जळतात. तेथे आगीची टंचाई नाही, सुकाळ आहे. पाइनच्या जंगलात इंधन शंभर वर्षे साचले, येथे ते एका पावसाळ्यात वाढलेले गवत असते.

अशा गवताच्या आगीने मोठे झाड सहसा मरत नाही. का, ते उष्णतेच्या गणितात आहे. सालीखालचा जिवंत थर साधारण ६० अंश सेल्सिअसला मरतो. उष्णता सालीतून आत पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साल दुप्पट जाड तर वेळ चौपट. ढोबळ सूत्राने पाहिले तर तीन मिलिमीटर साल असलेल्या रोपाला पंधरा-वीस सेकंदांची आग पुरते, दीड सेंटीमीटर साल असलेल्या झाडाला सहा-सात मिनिटे लागतात. गवताची ज्वाला एका जागी सहसा मिनिटभरही टिकत नाही. म्हणून आग गेल्यावर म्हातारी बाभूळ उभी दिसते आणि ‘काही झाले नाही’ असा समज होतो. गेलेली असतात ती गुडघ्याएवढी रोपे, आणि ती काळ्या डोंगरावर मोजायला कोणी जात नाही.

पळस, बोर, सीताफळ अशी झाडे जळाली तरी बुडापासून पुन्हा फुटतात. पण दरवर्षी फुटायचे आणि दरवर्षी जळायचे, या चक्रात त्यांची उंची वाढत नाही, साल जाड होत नाही. सीताफळाला जळल्यानंतर पुन्हा फळे धरायला वेळ लागतो आणि डोंगरची सीताफळे वेचून विकणाऱ्यांचा हंगाम तेवढा बुडतो. वरून हिरवा दिसणारा उतार अनेकदा वर्षानुवर्षे कमरेएवढाच राहतो, त्याचे एक कारण चराई आणि दुसरे हेच.

आता खोडकिडा. वाचलेल्या झाडाच्या बुडाशी, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, साल भाजून फुटते. तेथे ज्वाला जास्त वेळ घुटमळते. ही जखम लांब मिशांच्या खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला दार उघडून देते. बाभळीच्या मुळाखोडात शिरणारा भुंगेरा महाराष्ट्रात पूर्वीपासून आहे आणि द्राक्षबागायतदारांनाही तो माहीत आहे. युरोप-अमेरिकेत तर एका जातीच्या भुंगेऱ्याच्या अंगावर आगीची उष्णता ओळखणारी इंद्रिये असतात. तो धुमसत्या जंगलाकडे उडत जातो आणि नुकत्याच जळालेल्या खोडावर अंडी घालतो, कारण ते झाड प्रतिकार करू शकत नाही. बालाघाटात पाइनसारखी साथ येऊन जंगल एकदम मरणार नाही, कारण येथे झाडांच्या जाती मिसळलेल्या आहेत. दुष्काळाने थकलेले, आगीने भाजलेले झाड आठ-दहा वर्षांत पोकळ होऊन वादळात पडते, आणि त्याची बातमी होत नाही.

मिसळलेपणाचा हा फायदा जेथे नाही, तेथे काळजी अधिक. मराठवाड्यातील अनेक टेकड्यांवर गिरीपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, एकसुरी लागवड आहे. ती लवकर हिरवी होते, म्हणून लावली गेली. एकच जात, एकच वय, कमी पाणी : ब्रिटिश कोलंबियाच्या यादीतील तीन गोष्टी येथे जुळतात.

‘राख पडली की गवत जोमाने येते’, हे खरे का?

डोंगर पेटवण्यामागे सर्वाधिक सांगितले जाणारे कारण हेच आहे. राखेतून पोटॅश, चुना मिळतो, कोवळी फूट लवकर दिसते, हे खरे आहे. पण नत्र धुरासोबत हवेत जाते. ऊस तुटून गेल्यावर पाचट जाळू नये असे कृषी विभाग सांगतो, त्याचेही हेच कारण. उतार उघडा पडल्याने पहिल्या वळवाच्या सरीत राख आणि वरची माती वाहून जाते आणि ती शेवटी ओढ्यांतून तलावांत, धरणांत बसते. परळीला पाणी देणाऱ्या नागापूरच्या वाण प्रकल्पासारख्या धरणांचे आयुष्य त्यांच्या डोंगरउतारांवरच्या गवतावरही अवलंबून असते.

गवताचीही निवड होते. पवना, मारवेल ही जनावरांच्या आवडीची बहुवर्षायू गवते वारंवारच्या आगीत आणि चराईत मागे पडतात. कुसळी मात्र टिकते. तिच्या बियाला पीळ असलेले लांब कुसळ असते. दमट हवेत ते उलगडते, कोरड्यात पुन्हा पिळते आणि त्या फिरण्याने बी स्क्रूसारखे मातीत घुसते. आग वरून निघून जाते, बी खाली सुरक्षित. पिकलेली कुसळी जनावरांच्या तोंडाला टोचते, मेंढ्यांच्या लोकरीत अडकते. चांगल्या चाऱ्यासाठी डोंगर जाळायचा आणि बदल्यात कुसळी वाढवायची, असा हा व्यवहार आहे.

आग लागते कशी?

बालाघाटात उन्हाळ्यातील आग विजेमुळे लागण्याची शक्यता फार कमी. विजा कडकडतात त्या वळवाच्या पावसासोबत, आणि वणव्यांचा भर त्याआधी असतो. बहुतेक आगी माणसाकडूनच लागतात : बांध जाळताना सुटलेली ठिणगी, विडी-सिगारेटचे थोटूक, मध काढताना केलेला धूर, घाटरस्त्याकडेला पेटवलेला कचरा, आणि मुद्दाम लावलेली काडी. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे हा कैद आणि दंडाचा गुन्हा आहे. पण रात्री कोणी काडी टाकली, हे सिद्ध करणे अवघड.

एकदा लागली की उतार तिला वेग देतो. वर चढणारी ज्वाला पुढचे गवत आधीच भाजून ठेवते. चढ दर दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणून पायथ्याशी लागलेली आग घाटमाथ्यावर पोहोचायला वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून मानला जातो. परळी, धारूर, वडवणी, केज भागातील हजारो कुटुंबे या काळाच्या पहिल्या टप्प्यात ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतात. गावात उरतात ती प्रामुख्याने म्हातारी माणसे आणि लहान मुले. हिरव्या फांद्यांनी झोडपून गवताची आग विझवायला दहा-वीस धडधाकट माणसे लागतात, आणि नेमकी तीच गावात नसतात.

बीडजवळ पालवणच्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने ‘सह्याद्री देवराई’ उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्ष संमेलन भरले. त्या प्रकल्पालाही वणव्याची झळ बसली आहे. ज्या लागवडीकडे लोकांचे लक्ष आहे तिची ही गत, तर २०१९ मध्ये राज्यात राबवलेल्या ३३ कोटी वृक्षलागवडीतील आडबाजूच्या रोपवनांचे काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

रोपवनांत अमेरिकेतील चुकीची एक छोटी आवृत्तीही दिसते. रोपे वाचावीत म्हणून चराई बंद होते, चर खोदल्याने ओल टिकते आणि गवत कमरेएवढे वाढते. ते कापले नाही, तर फेब्रुवारीत प्रत्येक रोप वाळल्या इंधनाच्या मधोमध उभे असते. संरक्षणानेच इंधन साचवले, असे येथेही होते. फरक एवढाच, की तेथे त्याला शंभर वर्षे लागली आणि येथे चार महिने पुरतात.

म्हणजे आग मुळीच नको का?

तसेही नाही. कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरातील सोलिगा आदिवासी पूर्वी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच पालापाचोळ्याची हलकी आग लावत. ती बंद झाल्यानंतर घाणेरी माजली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ वाढले, असे ते सांगतात. संशोधकांनीही त्यांचे म्हणणे गांभीर्याने घेतले आहे. पण ती आग ठरलेल्या महिन्यात, दव असताना, माहीतगार माणसांच्या देखरेखीत लागे. एप्रिलच्या दुपारी घाटात सुटलेल्या वणव्याशी तिचे साम्य फक्त धुराचे आहे.

महाराष्ट्राचे वन खातेही आग वापरते. हंगामापूर्वी वनाच्या कडेने आणि कप्प्यांच्या सीमेवर पट्टे साफ करून ते मुद्दाम जाळले जातात. त्यांना जाळरेषा म्हणतात. पुढे खरा वणवा आला तर तो त्या मोकळ्या पट्ट्यापाशी उपाशी राहतो. जाळरेषा वेळेत झाल्या तरच उपयोगाच्या, मार्चमध्ये काढलेल्या जाळरेषेतूनच आग सुटण्याचा धोका असतो.

काडीऐवजी विळ्याने इंधन काढणे हा दुसरा मार्ग. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी केली, पण गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. कापलेले गवत गोठ्यात गेले आणि डोंगरावर जाळायला काही उरले नाही. बालाघाटातही गावाची संयुक्त वन व्यवस्थापन समिती आणि वन खाते मिळून असे करू शकतात. अडचण वेळेची आहे. गवत कापण्याचे खरे दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे, आणि ऊसतोडीच्या टोळ्यांच्या गाड्या भरतात त्याही त्याच दिवसांत. कारखान्याची उचल हातात घेतलेल्या कुटुंबाने गवतासाठी थांबावे, असे वाटत असेल तर त्या गवताला तेवढा भाव किंवा त्या कामाला तेवढी मजुरी मिळावी लागेल. परळीच्या डोंगरातील वणव्याचा प्रश्न शेवटी वनशास्त्रापेक्षा रोजगाराच्या वेळापत्रकाशी अधिक जोडलेला आहे.

आग दिसली तर, आणि विझल्यानंतर काय?

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांकडून आलेल्या उष्णतेच्या नोंदी तपासून वन कर्मचाऱ्यांच्या आणि नोंदणी केलेल्या नागरिकांच्या मोबाइलवर इशारे पाठवते. यातील एका उपग्रह उपकरणाचा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटर लांब-रुंद असतो, म्हणजे सुमारे १४ हेक्टर. आग त्या चौकोनात नेमकी कुठे आहे हे त्यावरून कळत नाही. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या दोन वेळांमध्ये लागून विझलेली आग त्याला दिसतही नाही. शेतातील पाचट, वीटभट्टी, औष्णिक केंद्र यांची उष्णताही नोंदींतून वेगळी करावी लागते. त्यामुळे पहिली खबर अजूनही गावातूनच लवकर मिळते. राज्याच्या वन खात्याचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. कळवताना गट क्रमांक माहीत नसेल तर मोबाइलवरील लोकेशन आणि आग चढावर आहे की उतारावर, एवढे सांगितले तरी काम होते.

आग विझल्यावर काळी पडलेली झाडे लगेच तोडण्याची घाई केली जाते. पावसाळ्यापर्यंत थांबल्यास कोणते झाड बुडापासून फुटते आणि कोणते खरोखर गेले, ते कळते. रोपवनातील करपलेली कोवळी रोपे मात्र पहिल्या पावसाआधी जमिनीलगत स्वच्छ छाटून ठेवली, तर मुळातील साठ्यावर एक जोमदार फूट वर येऊ शकते. वनाला लागून डाळिंबाची बाग असेल, तर धग लागलेल्या बाजूच्या खोडांवर पुढचे काही महिने टाचणीएवढी भोके आणि बुडाशी भुसा दिसतो का, हे पाहावे. सुरुवातीलाच दिसल्यास गेरू आणि शिफारस केलेल्या कीटकनाशकाचा लेप खोडाला देता येतो. पूर्ण वाळलेले झाड बागेत ठेवू नये आणि जाळायचे असल्यास वारा पडल्यावर, डोंगराच्या विरुद्ध बाजूला, पाण्याची टाकी जवळ ठेवूनच जाळावे.